पंपाच्या बेअरिंगपासून सुरुवात करा, कंट्रोल लूपला हात सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा: औष्णिक वीजकेंद्रात डीसीएसच्या (प्लांट चालवणाऱ्या संगणकीय नियंत्रण यंत्रणेच्या) हिस्टोरियनमध्ये, म्हणजे वाचनं साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये, पाच वर्षांचा डेटा साठून आहे, बॉयलर फीड पंप (बॉयलरला पाणी पुरवणारा) आणि आयडी फॅन (बॉयलरमधला धूर ओढणारा पंखा) अधूनमधून त्रास देतात, आणि वरून ‘मशीन लर्निंग लावा’ असा आग्रह आहे. अल्गोरिदम कोणता घ्यावा, आणि पुढे त्याच्या जोरावर काय काय आपोआप चालवता येईल?

अल्गोरिदम तूर्त बाजूला ठेवा. पाच वर्षांत एका फीड पंपाचं बेअरिंग किती वेळा गेलं? दोनदा, फार तर तीनदा. एवढ्या उदाहरणांवरून ‘बिघाड येतोय’ हे ओळखायला कुठलंच मॉडेल शिकत नाही. अचूकतेच्या टक्केवारीलाही इथे भुलू नका. वर्षात दोन दिवस बिघाडाचे असतील, तर ‘आज काही होणार नाही’ असं रोज सांगणारा माणूससुद्धा ९९.४५ टक्के बरोबर ठरतो. नीट चालणाऱ्या पंपाचा डेटा मात्र ढीगभर आहे, म्हणून काम उलट्या बाजूने करायचं. पंप ठणठणीत असताना या वेगाला, या फ्लोला, या तेलाच्या तापमानाला बेअरिंग किती तापतं हे मॉडेलला शिकवायचं, आणि प्रत्यक्ष तापमान त्या अपेक्षेपासून किती सरकलं ते पाहत राहायचं. या फरकाला रेसिड्युअल म्हणतात. ९५ अंशांचा अलार्म वाजायच्या कितीतरी आधी, ७० अंशांवरच ‘आज इथे ६६ असायला हवे होते’ हे कळणं, एवढाच सगळा फायदा आहे आणि तो पुरेसा मोठा आहे.

पहिलं काम मॉडेलचं नाही, हिस्टोरियनचं आहे. हिस्टोरियन प्रत्येक वाचन साठवत नाही. मूल्य आधीच्या दिशेपासून ठरावीक पट्ट्याबाहेर गेलं तरच तो नवा बिंदू नोंदवतो, आणि मधली जागा तुम्ही डेटा मागाल तेव्हा सरळ रेषेने भरून देतो. बेअरिंगच्या टॅगचा (हिस्टोरियनमधल्या एका मोजमापाचा) स्पॅन, म्हणजे मोजायची कक्षा, ० ते १५० अंश आणि कॉम्प्रेशन, म्हणजे हा पट्टा, स्पॅनच्या १ टक्का असेल, तर पट्टा दीड अंशाचा झाला. तुम्हाला जी दोन-तीन अंशांची सरक पकडायची आहे, तिची अर्धी धार तिथेच गेली. ट्रेंडवर तासन्‌तास पट्टीने आखल्यासारखी रेघ दिसली की समजावं, तापमान असं वागत नसतं. तापमानाला ०.१ ते ०.२ अंश आणि कंपनाला अर्धा मायक्रॉन एवढा पट्टा करून घ्या. डिस्क थोडी जास्त लागेल, लागू द्या. मागे पुसलं गेलेलं परत मिळत नाही, त्यामुळे हा बदल जितका लवकर कराल तितका उपयोगी.

या सरळ रेषेत आणखी एक खोट आहे, आणि ती फार कमी जणांच्या लक्षात येते. समजा १०:०० ला ७० आणि १०:४० ला ७४ अशा दोनच नोंदी आहेत. १०:१० चं मूल्य मागितलं तर हिस्टोरियन ७१ देतो. पण १०:१० वाजता तापमान ७४ कडे चाललंय हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पुढची नोंद मागे झिरपली. अशा डेटावर चाचणी घेतली की मॉडेल अर्धा तास आधीच शहाणं दिसतं, आणि प्लांटवर लावल्यावर ते शहाणपण गायब होतं. उपाय सोपा आहे: भरलेली मूल्यं मागू नका, प्रत्यक्ष नोंदलेले बिंदू काढा आणि पुढची नोंद येईपर्यंत मागचंच मूल्य धरून चला. पंप चालू-बंद, व्हॉल्व्ह ऑटो-मॅन्युअल अशा टॅगना तर हे सक्तीचंच, नाहीतर पंप ०.४ इतका चालू असल्याचे विनोद डेटात सापडतात.

घड्याळंही तपासा. कंपनाचा मॉनिटर वेगळ्या रॅकवर असतो आणि त्याची वेळ डीसीएसशी जुळेलच असं नाही. जुनी एखादी ट्रिप, म्हणजे यंत्र अचानक आपोआप बंद झाल्याची घटना, घ्या आणि त्या क्षणी मोटरचा करंट, डिस्चार्ज प्रेशर आणि कंपन एकाच वेळी कोसळतात का ते बघा. एक टॅग तीन मिनिटं मागे असेल तर तो सगळ्या डेटात तेवढाच मागे आहे का, की मध्येच कधी घड्याळ बदललं, हे दोन-तीन ट्रिपांवरून कळतं.

मग सेन्सर. बेअरिंगमधला पीटी-१०० (तापमानानुसार रोध बदलणारा सेन्सर, म्हणजेच आरटीडी) शून्य अंशाला १०० ओहम दाखवतो आणि दर अंशाला साधारण ०.३८५ ओहमने वाढतो. तीन तारांच्या जोडणीत तारांचा समान रोध वजा होतो, पण एकाच तारेचा टर्मिनल सैल झाला तर ०.८ ओहमचा फरकसुद्धा दोन अंश होऊन समोर येतो. म्हणजे तुमच्या मॉडेलची पहिली ‘यशस्वी पकड’ बहुधा जंक्शन बॉक्समधला सैल स्क्रू असेल. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त तो ओळखता आला पाहिजे. सैल जोडणी उड्या मारते. बेअरिंगचं धातूचं वस्तुमान एका सेकंदात आठ अंश तापत नाही, म्हणून बदलाच्या वेगाला मर्यादा घाला. ४-२० मिलिअँपिअरच्या लूपमध्ये (सेन्सरचं वाचन करंटच्या रूपात नेणाऱ्या तारजोडीत) ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर गेलेला करंट हा सेन्सरचा बिघाड आहे, मोजमाप नव्हे. तिसऱ्या दशांशापर्यंत तेच मूल्य दोन तास टिकलं तर टॅग गोठला आहे. खराब क्वालिटीची वाचनं रिकामी ठेवा. शून्य भरलंत तर मॉडेल बर्फाळ बेअरिंगही शिकेल.

ट्रेनिंगसाठी पूर्ण एक वर्ष घ्या म्हणजे सगळे ऋतू आत येतात. पाच मिनिटांच्या सरासरीने वर्षाच्या १,०५,१२० ओळी होतात आणि बेअरिंगच्या तापमानाला ही गती पुरते. त्यातून पंप सुरू झाल्यानंतरचे पहिले दोन तास काढून टाका, आणि ज्ञात बिघाडाच्या आधीचे काही आठवडेही. इथे वर्क ऑर्डरच्या तारखेवर विसंबू नका. ती काम केल्याची तारीख असते, बिघाड सुरू झाल्याची नव्हे, आणि मजकूर ‘पंप अटेंड केला’ एवढाच असतो. ट्रेंड समोर ठेवून शिफ्टमधल्या जुन्या माणसाबरोबर बसा. कोणत्या दिवशी काय झालं हे त्याला कागदापेक्षा जास्त आठवतं.

आता कामाचा गाभा: इनपुट. ड्राइव्ह एंडच्या (मोटरकडच्या टोकाच्या) बेअरिंगचं तापमान सांगायचं असेल तर पंपाचा वेग, फ्लो, डिस्चार्ज प्रेशर, ऑइल कूलरनंतरच्या तेलाचं तापमान, तेलाच्या हेडरचं प्रेशर आणि आसपासच्या हवेचं तापमान एवढं पुरतं. तेलाचा परिणाम उशिरा दिसतो, म्हणून त्याची मागच्या १५ आणि ३० मिनिटांची सरासरीही द्या. इथपर्यंत चूक ०.८ अंशाच्या आसपास आली तर उत्तम.

मग कोणीतरी सुचवतो, त्याच बेअरिंगमधून बाहेर पडणाऱ्या तेलाचं तापमानही आहे, किंवा दुसरा आरटीडी आहे, तेही टाकू. टाकल्याबरोबर चूक ०.२ वर येते, सगळे खूश होतात, आणि नेमकं हेच मॉडेल आंधळं असतं. बेअरिंग बिघडून तापलं की बाहेरचं तेलही तापणार. मॉडेल ते बघून म्हणतं, एवढं गरम तेल असेल तर बेअरिंग एवढं तापणारच. रेसिड्युअल शून्य, बेअरिंग गेलं. नियम असा धरा की इनपुट हे तापमानाचं कारण असावं, बिघाडाचा परिणाम नसावा. कूलरनंतरचं तेल चालतं, बेअरिंगनंतरचं नाही.

त्याची किंमतही ओळखून असा. कूलर चोंदला तर आत येणारं तेल तापेल, बेअरिंग तापेल, आणि मॉडेल ‘ठीक आहे’ म्हणेल. बरोबरच म्हणतंय, दोष बेअरिंगचा नाही. पण मग कूलरवर वेगळं मॉडेल हवं: कूलिंग वॉटरचं तापमान आणि फ्लो इनपुट, तेलाचं तापमान आउटपुट. ऑटोएन्कोडरसारख्या, सगळे टॅग इनपुट आणि आउटपुट अशा दोन्ही बाजूंना असलेल्या पद्धती दिसायला आटोपशीर वाटतात, पण त्यांत एका टॅगचा बिघाड शेजारच्या टॅगांच्या रेसिड्युअलमध्ये सांडतो आणि नेमकं बिघडलंय काय हे शोधायला पुन्हा माणूस लागतो.

आंधळेपणा तपासायची चाचणी तासाभराची आहे. बाजूला ठेवलेल्या निरोगी डेटात बेअरिंगच्या तापमानावर दहा दिवसांत ० वरून ४ अंशांपर्यंत चढणारा उतार मिसळा. बिघाडात जे टॅग बरोबर चढतील त्यांच्यावरही थोडा चढवा, बाहेरच्या तेलावर दोनेक अंश. कितव्या दिवशी मॉडेल बोलतं ते बघा. दहाव्या दिवशीही रेसिड्युअल एका अंशाच्या आत असेल तर एखादं इनपुट बिघाडच गिळतंय.

आता अल्गोरिदम. सुरुवात साध्या लिनिअर रिग्रेशनने (इनपुटना वजनं देऊन बेरीज करणाऱ्या मॉडेलने) करा, वेग आणि फ्लोचे वर्गही (स्क्वेअर) घाला. ग्रेडिएंट बूस्टिंग (बरीच छोटी निर्णयझाडं एकत्र जोडणारी पद्धत) बहुतेक वेळा थोडं सरस ठरतं, पण अशा झाडांवर बांधलेली मॉडेल्स शिकलेल्या मर्यादेबाहेर काहीच सांगू शकत नाहीत. ट्रेनिंगमध्ये तेल जास्तीत जास्त ४६ अंश होतं आणि यंदा ते ४९ ला गेलं, तर मॉडेल ४६ चंच उत्तर देत राहतं आणि प्रत्येक दुपारी खोटा अलार्म येतो. लिनिअर मॉडेल निदान योग्य दिशेला सरकतं. दोन्हींसाठी इनपुटवर पहारा ठेवा. मूल्य ट्रेनिंगच्या पट्ट्याबाहेर गेलं की स्क्रीनवर ‘मॉडेल लागू नाही’ असं यावं. तो अलार्मही नाही आणि ‘सर्व ठीक’ही नाही.

चाचणीसाठी ओळी रँडम वाटू नका. १०:०५ ची ओळ ट्रेनिंगमध्ये आणि १०:१० ची चाचणीत गेली तर मॉडेल उत्तर पाठच करून आलेलं असतं. आधीच्या महिन्यांवर शिकवा, नंतरच्या सलग महिन्यांवर तपासा.

मर्यादा कुठे घालायची यावर बरीच चांगली कामं मरतात. हिशेब करून बघा. ४०० मॉडेल्स, दर दहा मिनिटांनी तपासणी, म्हणजे दिवसाला ५७,६०० तपासण्या. तीन सिग्माची (सिग्मा म्हणजे नेहमीच्या चढउताराचं माप) मर्यादा ठेवली आणि सगळं काही आदर्श असलं, तरी ०.२७ टक्के वेळा ती ओलांडली जाते: दिवसाला सुमारे १५५ खोटे अलार्म. एका ऑपरेटरला सरासरी दहा मिनिटांना एक अलार्म पेलतो असं ईईएमयूए १९१ ही अलार्मची मार्गदर्शिका धरते, म्हणजे दिवसाचे १४४. तुमच्या मॉडेलने एकट्यानेच त्याचा दिवस खाल्ला. तिसऱ्या आठवड्यात तो पडदा कोणी बघत नसतो. म्हणून एकतर एकेका वाचनावर निर्णय घेऊ नका. रेसिड्युअलची घातांकी सरासरी काढा, नव्या वाचनाला ०.१ आणि जुन्या सरासरीला ०.९ वजन द्या, आणि ती २.५-३ अंशांच्या वर सलग सहा तास राहिली तरच सूचना काढा. पुस्तकात या सरासरीची सिग्मा मूळच्या ०.२३ पट येते. पण ते सूत्र एकमेकांपासून स्वतंत्र वाचनांसाठी आहे आणि पाच मिनिटांची तापमानं एकमेकांना चिकटलेली असतात, म्हणून मर्यादा सूत्रावरून नको, दोन-तीन निरोगी महिन्यांच्या डेटावर बघून ठरवा. दुसरं, ही सूचना ऑपरेटरच्या अलार्म पेजवर जाऊच नये. तिची जागा मेंटेनन्सच्या सकाळच्या यादीत आहे.

यादीतली ओळ अशी हवी की वाचून माणूस उठून जाईल: बीएफपी-बी (बॉयलर फीड पंप बी), ड्राइव्ह एंड बेअरिंग, अपेक्षित ६६.१, प्रत्यक्ष ६९.८, मंगळवार संध्याकाळपासून, लोड नेहमीचा, कंपनात बदल नाही. त्याखाली तपासणीचा क्रम: जंक्शन बॉक्समधली जोडणी, तेलाच्या फिल्टरचा डिफरन्शियल प्रेशर, बेअरिंगकडे जाणारं तेल, मग कंपनाचा स्पेक्ट्रम, आणि शेवटी तेलाचा नमुना. ‘अॅनोमली स्कोअर ०.८७’ वाचून कोणी हेल्मेट उचलत नाही.

रीट्रेनिंग आपोआप दर आठवड्याला करायचा मोह होतो. करू नका. महिनाभर सावकाश झिजणारं बेअरिंग हे मॉडेल दर आठवड्याला नवं ‘नॉर्मल’ म्हणून शिकत जातं. रीट्रेनिंगला कारण हवं: ओव्हरहॉल, नवं बेअरिंग, बदललेला आरटीडी, तेलाचा वेगळा ग्रेड. त्यानंतर पहिले काही दिवस फक्त सरासरी फरक वजा करून चालवा आणि यंत्र नीट आहे अशी मेंटेनन्सची सही मिळाल्यावरच नवा डेटा ट्रेनिंगमध्ये घ्या.

उरलेल्या आयुष्याचा, म्हणजे ‘हे बेअरिंग ४१ दिवस टिकेल’ छापाचा अंदाज मागितला गेला तर नाही म्हणा. दोन-तीन बिघाडांवरून तो काढता येत नाही.

हीच पद्धत इतरत्र थोडी बदलून चालते. पवनचक्कीत वाऱ्याचा वेग आणि वीज यांचा वक्र शिकवताना ग्रिडच्या सांगण्यावरून उत्पादन कमी केलेले काळ आधी गाळावे लागतात, नाहीतर मॉडेल कर्टेलमेंटलाच स्वभाव समजतं. सौर प्रकल्पात पायरॅनोमीटरची (ऊन मोजणाऱ्या उपकरणाची) काच मळली की पॅनल्स कागदोपत्री अचानक सुधारतात. मागणीच्या अंदाजात १५ मिनिटांचे ९६ ब्लॉक असतात. तिथे मॉडेलची तुलना नेहमी ‘मागच्या आठवड्याचा तोच वार, तोच ब्लॉक’ या फुकटच्या अंदाजाशी करा. त्याला हरवत नसेल तर गुंतागुंत कशाला? ट्रान्सफॉर्मरच्या तेलातल्या वायूंवरून बिघाड ओळखण्यासाठी मिथेन, इथिलीन आणि अॅसिटिलीन या तिघांवर चालणारा डुवल त्रिकोण १९७० च्या दशकापासून वापरात आहे. शंभरेक नमुन्यांवर शिकवलेलं न्यूरल नेटवर्क त्याला हलवेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आता ऑटोमेशन. इथे पायऱ्या आहेत आणि एकही गाळता येत नाही: आधी मॉडेल फक्त पडद्यावर सल्ला देतं, मग ऑपरेटर बटण दाबून तो सल्ला स्वीकारतो, मग ठरलेल्या कुंपणात ते स्वतः सेटपॉइंटला (लूपच्या लक्ष्य मूल्याला) थोडा बायस देतं, म्हणजे ते किंचित वर-खाली सरकवतं. व्हॉल्व्हला थेट हात कधीच नाही. ते काम पीआयडीचं (डीसीएसमधल्या नेहमीच्या कंट्रोल लूपचं) आहे आणि तो ते चांगलं करतो. ट्रिप लॉजिक, बर्नर मॅनेजमेंट, टर्बाइनचं संरक्षण यांत मॉडेलला प्रवेश नाही, सल्लागार म्हणूनही नाही.

पहिला उमेदवार बहुधा बॉयलरचा ऑक्सिजन ट्रिम, म्हणजे धुरातल्या ऑक्सिजनवरून ज्वलनाच्या हवेत केलेला बारीक फेरफार, असतो. इकॉनॉमायझरच्या (धुराच्या उष्णतेने बॉयलरचं पाणी तापवणाऱ्या भागाच्या) बाहेर ४ टक्के ऑक्सिजन म्हणजे जादा हवा सुमारे २३.५ टक्के, ३ टक्क्यांवर ती १६.७ होते. चिमणीकडे जाणारा धूर १४० अंशांच्या आसपास असेल तर या एका टक्क्याने बॉयलरची कार्यक्षमता साधारण पाव टक्का सुधारते, शिवाय पंख्यांची वीज वाचते. पण जुन्या डेटावरून हे मॉडेल शिकवता येत नाही. पीआयडीने ऑक्सिजन कायम लोडच्या वक्राला बांधून ठेवलेला असतो, त्यामुळे लोडचा परिणाम कोणता आणि ऑक्सिजनचा कोणता हे डेटात वेगळं होतच नाही. त्यासाठी स्टेप टेस्ट घ्याव्या लागतात: लोड स्थिर, ऑक्सिजन ०.३ ने वर, पाऊण तास थांबा, मग ०.३ ने खाली. असं तीन-चार लोडवर, शिफ्ट इन्चार्जच्या संमतीने, कार्बन मोनॉक्साइडवर नजर ठेवून.

सगळ्यात वाईट चूक इथे डक्टमधली गळती करवते. प्रोबच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या) आधी कुठेतरी बाहेरची हवा आत ओढली जात असेल तर झिर्कोनिया प्रोब ऑक्सिजन जास्त दाखवतो. मॉडेल इमानदारीने हवा कमी करतं, आणि भट्टीत बर्नरला खरंच हवा कमी पडू लागते: कार्बन मोनॉक्साइड वाढतो, राखेत न जळलेला कार्बन वाढतो, स्लॅग (वितळलेल्या राखेचा थर) चढतो, भिंतीच्या नळ्या झिजतात. म्हणून कार्बन मोनॉक्साइडचं मोजमाप नसेल तर ऑक्सिजन ट्रिम बंद लूपमध्ये, म्हणजे मॉडेलच्याच हाती सोडून, चालवूच नये. दोन बाजूंच्या प्रोबमध्ये ०.७ टक्क्याहून जास्त फरक दिसला तर बायस शून्याकडे न्या आणि आधी गळती शोधा.

कुंपण डीसीएसमध्ये घाला, पायथनमध्ये (मॉडेलच्या प्रोग्रॅममध्ये) नाही. बायसची मर्यादा अधिक-उणे ०.३ टक्के, बदल दहा मिनिटांत ०.१ पेक्षा जास्त नाही. मॉडेलच्या सर्व्हरने दर दहा सेकंदांनी एक आकडा वाढवत राहायचं. तो आकडा ६० सेकंद हलला नाही तर डीसीएसने बायस हळूहळू शून्यावर आणायचा, झटका न देता. लोड चढत-उतरत असताना, कोळशाची मिल बदलताना, सूट ब्लोइंगच्या (नळ्यांवरची काजळी फुंकून काढण्याच्या) वेळी बायस गोठवायचा. ऑपरेटरकडे एकाच बटणात सुटका हवी. त्या वाढत्या आकड्याला क्षुल्लक समजू नका. १४ ऑगस्ट २००३ च्या उत्तर अमेरिकेतल्या ब्लॅकआउटमध्ये एका नियंत्रण कक्षातलं अलार्म सॉफ्टवेअर गपचूप थांबलं होतं, आणि पडदा शांत आहे म्हणजे ग्रिड शांत आहे असं ऑपरेटरना बराच वेळ वाटत राहिलं.

वाचायचा मार्ग आणि लिहायचा मार्ग वेगळे ठेवा. डेटा बाहेर नेणं एकतर्फी, डीएमझेडमधून (प्लांटचं आणि बाहेरचं नेटवर्क यांच्यामधल्या सुरक्षित पट्ट्यातून). परत लिहायला फक्त ठरलेले चार-पाच टॅग, ओपीसी यूए (औद्योगिक यंत्रणांमधल्या डेटा देवाणघेवाणीचं मानक), सर्टिफिकेटसह, आणि बाकी सगळं बंद. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये बाहेरून शिरलेल्यांनी ऑपरेटरच्याच पडद्यांवरून ब्रेकर उघडले आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. आत लिहिणारी प्रत्येक वाट कोणीतरी दुसराही वापरू शकतो, हे धरूनच ती आखा.

फायदा मोजताना ‘आधीचा महिना विरुद्ध नंतरचा महिना’ असं करू नका. कोळसा बदलतो, हवा बदलते, लोड बदलतो. बायस एक दिवस चालू आणि एक दिवस बंद, असं सहा ते आठ आठवडे चालवा. दर शिफ्टला कोळशाचा आणि फ्लाय अॅशचा नमुना घ्या, आणि लोडचे ५ टक्क्यांचे पट्टे पाडून चालू-बंद दिवसांची तुलना त्या त्या पट्ट्यातच करा. दोन्हींतला फरक रोजच्या चढउतारापेक्षा लहान असेल तर अहवालात आकडा लिहायची घाई नको, चाचणी आणखी काही आठवडे लांबवा.